ताप आलाय हे घरात न घाबरता सांगता आलं पाहिजे: साथीच्या काळात घर आणि शेजार सांभाळायची पद्धत

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ताप आला आणि तो त्यांनी तीन दिवस लपवला. गुपचूप पॅरासिटामॉल घ्यायचे, अंघोळ करून बाहेर येऊन नेहमीसारखे पेपर वाचत बसायचे, विचारलं की रात्री झोप नीट लागली नाही म्हणायचे. चौथ्या दिवशी चहाचा वासच येत नाही म्हणाले तेव्हा आम्हाला कळलं, आणि तोवर सासूबाईंना लागण झालेली होती, त्या पुढे अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. दोघंही बरे झाले. नंतर मी दादांना विचारलं की का नाही सांगितलंत, तर म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरच्यांचं काय झालं ते बघितलं होतं ना मी."

दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा फ्लॅट नंबर सोसायटीच्या ग्रुपवर फिरला होता, त्यांचा कचरा चार दिवस दाराशीच पडून होता, दूध वर न्यायला कोणी तयार नव्हतं. त्या ग्रुपमध्ये मी पण होते आणि मी एक शब्द बोलले नव्हते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की साथीत आजाराइतकीच लपवालपवी नडते, आणि माणूस लपवतो तो मूर्ख असतो म्हणून नाही, सांगितल्यावर काय होईल हे त्याने बघितलेलं असतं म्हणून. मी डॉक्टर नाही. कोविडच्या लाटांमध्ये घरात आणि सोसायटीत आम्ही जे केलं, जे चुकलं आणि मग डॉक्टरांकडून जे नीट समजून घेतलं ते इथे क्रमाने लिहितेय, पुढे कधी कुठलीही साथ आली तरी उपयोगी पडेल असं.

पायरी १: आजार पसरतो कसा ते आधी समजून घ्या, मग नियम करा

२०२० च्या सुरुवातीला आम्ही काय करत होतो आठवा, दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायचो, भाजी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवायचो, आणि खिडक्या मात्र बंद, का तर बाहेरून विषाणू येईल म्हणून. प्रत्यक्षात कोविड मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरत होता, वस्तूंवरून फार कमी. म्हणजे सगळी मेहनत चुकीच्या ठिकाणी जात होती आणि खरं काम, खिडकी उघडायचं, ते राहून जात होतं.

म्हणून कुठलीही नवीन साथ आली की चार प्रश्नांची उत्तरं शोधा. कशातून पसरते? लागण झाल्यावर लक्षणं किती दिवसांनी दिसतात? लक्षणं दिसायच्या आधी माणूस दुसऱ्याला देऊ शकतो का? आणि कोणाला जास्त त्रास होतो? कोविडची उत्तरं अशी होती: हवेतून, २ ते १४ दिवसांनी, बहुतेकांना सुरुवातीच्या प्रकारांत पाचेक दिवसांनी, हो, लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासूनच, आणि म्हातारी माणसं, शुगर, बीपी, हृदय-किडनीचे आजार असलेले. कॉलरा असेल तर उत्तरं पूर्ण वेगळी, तिथे पाणी उकळणं आणि हात धुणं महत्त्वाचं, मास्कचा काही उपयोग नाही. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. उत्तरं आरोग्य खात्याकडून किंवा जागतिक आरोग्य संघटनेकडून घ्या, आणि ती बदलली तर "हे रोज काहीतरी वेगळंच सांगतात" म्हणून चिडू नका, नवीन आजाराबद्दल माहिती अशीच टप्प्याटप्प्याने येते.

पायरी २: कोणी आजारी नसतानाच घरात एकदा बसून बोला

रविवारी जेवणानंतर अर्धा तास पुरतो. एक वही घ्या. त्यात प्रत्येकाचं नाव, वय, रक्तगट, चालू गोळ्या, अॅलर्जी, फॅमिली डॉक्टरांचा नंबर, जवळच्या दोन हॉस्पिटलचे नंबर, अॅम्ब्युलन्सचा १०८, मेडिक्लेमची पॉलिसी कुठे ठेवलीय ते. हे सगळं फोनमध्ये असतं म्हणू नका, फोनवाला माणूसच आजारी पडतो आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो, आमच्याकडे तसंच झालं.

मग ठरवा की कोणी आजारी पडलं तर कुठली खोली द्यायची, स्वयंपाक कोण करेल, म्हाताऱ्यांपासून लांब कोण राहील, रात्री गाडी कोण काढेल. शुगर-बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या घरात ठेवा. थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर आधीच घेऊन ठेवा, दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटर मिळता मिळत नव्हता.

आणि याच बैठकीत एक गोष्ट स्पष्ट बोलून टाका: ज्याला कणकण वाटेल त्याने त्याच तासाला सांगायचं, आणि सांगितल्यावर कोणीही "कुठे गेला होतास, तुला नको म्हटलं होतं ना" हे वाक्य काढायचं नाही. अगदी शपथ घेतल्यासारखं ठरवा. हे वाक्य एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी दोन दिवस थांबून सांगतो, आणि ते दोन दिवसच सगळ्यात महागात पडतात. घरातल्या मोठ्यांना वेगळं बसून सांगा की तुम्ही सांगितलंत तर आम्हाला त्रास होणार नाही, नाही सांगितलंत तर होईल. त्या पिढीला आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होऊ नये एवढीच काळजी असते, तिथूनच लपवणं सुरू होतं.

पायरी ३: कुठे जायचं, कुठे नाही, याचा हिशोब

सगळंच बंद करायचं ठरवलं तर ते महिनाभर टिकतं, मग माणसं कंटाळून एकदम सगळंच सोडतात. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणाबद्दल चार गोष्टी बघा: जागा बंद आहे की मोकळी, माणसं किती, वेळ किती, आणि तिथे लोक जोरात बोलतात-गातात-खातात का. मोकळ्या मैदानातल्या भाजीबाजारात मास्क लावून दहा मिनिटं यात धोका कमी. एसी हॉलमध्ये लग्न, तीन तास, मास्क काढून पंगत, यात खूप जास्त, मग हॉल कितीही सॅनिटाईज केलेला असो. आमच्या ओळखीत जास्त लागण बाजारात झाली नाही, ती झाली साखरपुड्यांना, बारशांना आणि अंत्यविधीनंतर घरात भेटायला जमलेल्यांमध्ये, कारण आपल्या माणसांमध्ये मास्क लावणं आपल्याला परकेपणाचं वाटतं.

मास्कचं एकच सांगते. नाकावर घट्ट बसला पाहिजे, कडेने हवा जाता कामा नये. एन-९५ असेल तर उत्तम, पण पुढे व्हॉल्व्ह असलेला घेऊ नका, त्यातून तुमचा श्वास तसाच बाहेर जातो.

"नको" म्हणताना दुसरं काहीतरी द्या

हे कळायला मला वेळ लागला. सासूबाईंना देवळात जाऊ नका म्हटलं की वाद व्हायचा, देवळाबाहेरच्या पारावरून सकाळी सहाला गर्दी नसताना दर्शन घेऊन या म्हटलं की लगेच तयार. २०२० ला वारीचंच बघा ना, पायी सोहळा झाला नाही पण पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, लोकांना वाईट वाटलं तरी आषाढीची परंपरा मोडली असं कोणाला वाटलं नाही. त्याच वर्षी सरकारने गणपतीची सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरातली दोन फुटांपर्यंत ठेवायला सांगितली होती, आणि लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं. बाकी सगळे नियम विसरले तरी हे लक्षात ठेवा की माणूस सवय सोडत नाही, बदलतो, आणि बदलायला त्याला हातात काहीतरी द्यावं लागतं. वाढदिवस गच्चीवर करा, हळदीकुंकवाचं वाण दारात ठेवा, लग्न अंगणात घ्या आणि जेवणाचे डबे बांधून द्या. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला बरोबर पन्नास माणसं होती, बाकीच्यांना घरपोच लाडू-चिवडा पाठवला, एकही नातेवाईक रुसला नाही.

पायरी ४: ताप आला. पहिला दिवस

टेस्टची वाट बघू नका, त्याच क्षणी वेगळं करा. आजारी माणूस आणि त्याच्या खोलीत जाणारा दोघांनीही मास्क लावायचा. खोलीची खिडकी उघडी, दार बंद, आणि घरातल्या बाकीच्या खिडक्या पण उघड्या ठेवा, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू.

एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर? निम्म्या लोकांच्या घरी वेगळी खोली नसतेच, आणि तिथे पडदा लावून काही होत नाही, हवा पडद्याखालून जातेच. तिथे आजारी माणसाची जागा खिडकीजवळ करा, पंखा असा ठेवा की हवा त्याच्याकडून बाहेर जाईल, सगळ्यांनी मास्क लावा, जेवणं एकत्र नकोत, झोपताना डोकी विरुद्ध बाजूला. आणि पालिकेने किंवा ग्रामपंचायतीने विलगीकरणाची सोय केली असेल तर लाज न बाळगता तिथे जा, त्यात कमीपणा अजिबात नाही.

मग फोन करायला बसा. लक्षणं सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून ज्यांच्याशी जवळून, बंद जागेत बोलणं झालं त्या सगळ्यांना. यात कामाच्या ताई, ड्रायव्हर, रिक्षावाले काका, मुलांच्या क्लासच्या बाई सगळे आले, फक्त नातेवाईक नाही. मी अशा वेळी एवढंच बोलते: "आमच्याकडे ताप आहे, टेस्ट अजून व्हायचीय, परवा आपण भेटलो होतो, तेव्हा तुम्ही जरा चार-पाच दिवस वेगळं राहा आणि आईंना भेटू नका." माफी मागत बसायचं नाही, कोणामुळे झालं हे शोधत बसायचं नाही.

टेस्ट खूप लवकर केली तर निगेटिव्ह येऊ शकते. ताप-खोकला आहे आणि अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, आणि रिपोर्ट येईपर्यंत पॉझिटिव्ह असल्यासारखेच वागा. आमच्याकडे एका निगेटिव्ह रिपोर्टवर सगळे सैल पडले होते.

पायरी ५: घरी उपचार चालू असताना वहीत काय लिहायचं

दिवसातून तीन वेळा, शक्यतो ठरलेल्या वेळी, ताप, ऑक्सिजन आणि नाडी. ऑक्सिमीटर लावायच्या आधी पाच मिनिटं शांत बसू द्या, बोट गार नको, नेलपॉलिश किंवा मेंदी नको, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. सावळ्या त्वचेवर हे मशीन कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतं, म्हणून एका आकड्यापेक्षा तो रोज खाली चाललाय का ते बघा.

सहा मिनिटं चालायची टेस्ट खूप कामाची आहे. बसून ऑक्सिजन बघायचा, मग घरातल्या घरात सपाट फरशीवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालायचं, वयस्कर असतील तर तीनच मिनिटं, आणि लगेच परत बघायचं. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त पडला, किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना त्याच वेळी फोन. बसल्या जागी आधीच ९४ किंवा कमी असेल तर ही टेस्ट करत बसू नका, सरळ डॉक्टर. कोविडमध्ये फसवणारी गोष्ट ही होती की काही जणांचा ऑक्सिजन ८८ वर आलेला असायचा आणि ते आरामात फोनवर बोलत असायचे, "मला काही होत नाहीये" म्हणत. माणसाच्या शब्दापेक्षा वहीतला आकडा माना.

पाचव्या ते दहाव्या दिवसात सगळ्यात जास्त लक्ष ठेवा, ताप उतरला म्हणून निवांत होऊ नका, सासूबाईंचं सातव्या दिवशी बिघडलं. दम लागणं, छातीत दुखणं किंवा जड वाटणं, ओठ निळसर पडणं, बोलण्यात गोंधळ, हलवूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं की घरगुती उपाय बंद आणि हॉस्पिटल. बेड मिळेपर्यंत माणूस शुद्धीत असेल तर पालथं झोपवा, छातीखाली आणि ओटीपोटाखाली उशी देऊन, त्याने ऑक्सिजन थोडा सुधारतो (गरोदर बाईला मात्र असं झोपवू नका).

औषधांबद्दल मी फार कळकळीने सांगतेय. स्टेरॉईड मनाने सुरू करू नका. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत जून २०२० मध्येच दिसलं होतं की डेक्सामेथासोन या स्टेरॉईडचा फायदा ज्यांना ऑक्सिजन लावावा लागतोय त्यांना होतो, बाकीच्यांना होत नाही. तरी दुसऱ्या लाटेत ओळखीच्यांची चिठ्ठी फॉरवर्ड करून लोक पहिल्या दिवसापासून घेत होते, शुगर वाढत होती, आणि पुढे म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती जणांचे डोळे गेले. रेमडेसिविरचंही तेच, जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नये अशी शिफारस केली होती आणि एप्रिलमध्ये आपली माणसं त्याच्या एका इंजेक्शनसाठी भर उन्हात रांगा लावत होती, दागिने विकत होती. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर तुमचं औषध ठरत नाही, एवढं तरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पायरी ६: सोसायटी, चाळ, वस्ती, गाव

इथे मला पुण्याचा १८९७ चा प्लेग आठवतो. रँड साहेबाच्या प्लेग कमिटीने सोल्जर घरात घुसवले, बायकांची तपासणी, देवघरात बूट, सामान रस्त्यावर, आणि लोकांनी काय केलं तर रोगी लपवले, गाव सोडून गेले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली हे आपण शाळेत शिकतो, पण साथीच्या दृष्टीने धडा हा आहे की धाकदपटशाने रोगी सापडत नाहीत, गायब होतात. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई आजारी मुलाला स्वतः उचलून तिथे घेऊन आल्या आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. त्या दवाखान्यात लोक आपल्या पायाने येत होते.

धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसं, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय, अंतर ठेवणार कुठे? तिथे पालिकेने वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना बरोबर घेऊन दारोदार तपासणी केली, शौचालयं दिवसातून अनेक वेळा साफ केली, शाळा आणि क्रीडा संकुलात विलगीकरण केलं आणि तिथे राहणं-जेवण फुकट ठेवलं. ओळखीचा डॉक्टर आणि पोटभर जेवण असेल तर माणूस आपणहून सांगतो, हे तिथे दिसलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही धारावीचं नाव घेतलं.

दादांच्या आजारपणानंतर मी सोसायटीच्या कमिटीत गेले आणि आम्ही जे ठरवलं ते असं. आजाराची माहिती फक्त दोनच माणसांकडे जाईल, त्यात एक बाई, आणि ती ग्रुपवर नावासकट कधीच टाकायची नाही, "बी विंगमध्ये एक केस आहे, लिफ्टमध्ये मास्क लावा" एवढंच. ज्या घरी आजार आहे त्या घरी पहिला फोन नियम सांगायला नाही, "काय हवंय" हे विचारायला. दूध, भाजी, औषधं दारात ठेवायला तीन तरुणांची आळीपाळी. कचरा दोन पिशव्यांत बांधून रोज उचलायचा, उचलणाऱ्या माणसाला चांगले हातमोजे आणि मास्क सोसायटीच्या पैशाने. कामाच्या ताया आणि वॉचमन यांचा आजारपणातला पगार कापायचा नाही. पगार कापला की ताई ताप असताना गोळी खाऊन कामाला येतात, यात दोष त्यांचा कसा म्हणायचा?

पहिल्या महिन्यात आक्षेप आले, नाव का सांगत नाही म्हणून. पण दोन महिन्यांत असं झालं की लोक टेस्टच्या आधीच मला फोन करायला लागले, "ताई, घसा दुखतोय, उद्या डबा मिळेल का?"

फॉरवर्डवाले काका

कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, हा मेसेज २०२१ मध्ये किती फिरला. ग्रुपवर चारचौघांत खोडून काढलं तर काका अजून तीन मेसेज टाकतात. त्याऐवजी वेगळा फोन करा, आधी त्यांची तब्येत विचारा, मग म्हणा, "काका पुरचुंडी हुंगा हवं तर, पण आकडा ९४ च्या खाली आला तर मला लगेच फोन कराल ना?" ओव्याचा वास महत्त्वाचा नाही, उशीर होऊ नये हे महत्त्वाचं. काढा घेऊ देत, वाफ मात्र जपून, उकळत्या पाण्याने मुलं भाजलेली आहेत. लशीला घाबरणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा "मी उद्या जातेय, सोबत चला, रिक्षा मी करते" हे जास्त चालतं, आमच्या चौघी शेजारणी अशाच गेल्या.

पायरी ७: कंटाळा येणारच, तो धरून चाला

जानेवारी २०२१ मध्ये सगळ्यांना वाटलं संपलं, फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळकडून आकडे वाढायला लागले आणि आम्ही पुण्यात लग्नाच्या खरेदीत. पंधरा नियम वर्षभर कोणी पाळत नाही. तीन ठेवा: बंद जागेत मास्क, घरात खिडकी उघडी, ताप आला की त्याच तासाला सांगणं. लाट ओसरली की बाकीचं सोडा, मन मोकळं करा, फिरून या, आणि आकडे चढायला लागले की परत आवळा. दर आठवड्याला एकाच दिवशी एकदाच आकडे बघायचे, रोज रात्री बातम्या लावून झोप घालवायची नाही.

ज्यांच्या घरी माणूस गेला आणि नीट निरोपही देता आला नाही त्यांना "वेळ सगळं बरं करेल" म्हणू नका. जा, दाराबाहेर मोकळ्यावर बसा, गेलेल्या माणसाबद्दल बोलू द्या. तेराव्याला जमता आलं नव्हतं, तर वर्षश्राद्धाला आवर्जून जा.

आमची ती वही अजून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे आहे. दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी मी नंबर आणि गोळ्या तपासून बदलते, ऑक्सिमीटरचे सेल काढून नवीन ठेवते. गेल्या पावसाळ्यात दादांना परत ताप आला, साधाच निघाला, पण सकाळी सहाला त्यांनी माझं दार वाजवलं आणि म्हणाले, "अगं, अंगात कसर आहे, वही काढ."